दुसऱ्या बाजूचा होरिया

याश शहरात जूनच्या सरी येतात तेव्हा लिंडनच्या फुलांचा वास भिजून जड होतो. तशाच एका सकाळी इलिंका मोरारू ट्रामच्या थांब्यावर फाईल पोटाशी धरून उभी होती. शेजारच्या उंच तरुणाने आपली छत्री पुढे केली... तिच्यावर नाही, फाईलवर.

"कागद भिजले की संपले," तो म्हणाला. "तुम्ही काय, वाळाल."

तिला हसू आवरेना. पिशवीतली चीज भरलेली गरम प्लाचिंता त्याने अर्धी मोडून तिला दिली. दोघं एकाच ट्राममध्ये चढले, कोर्टापाशी उतरले, एकाच दालनात शिरले — आणि समोरासमोरच्या टेबलांवर जाऊन बसले.

इलिंका फॉरेन्सिक अकाउंटंट होती. हिशेबातली लबाडी हुडकून ती कोर्टाला सांगायची. डोम्निकाबाईंचा नवरा वारल्यावर दिराने दोघा भावांच्या फर्निचरच्या कारखान्यातलं लाकूड परस्पर विकलं, असा बाईंचा दावा होता. इलिंका बाईंच्या बाजूची तज्ज्ञ. छत्रीवाला तरुण, होरिया बलान, दिराच्या.

"खटल्याबद्दल एक अक्षर नाही हं," तिने व्हरांड्यात बजावलं. "दोघांचेही परवाने जातील."

"कबूल. मग बोलायचं कशाबद्दल?"

"बाकी सगळ्याबद्दल."

मग रोज दुपारच्या सुट्टीत, खिडकीपाशी, बाकी सगळं निघालं. त्याच्या आईच्या मधमाश्या, तिला लहानपणी वाटणारी हंसांची भीती, पावसाआधी बदलणारा टेकड्यांचा रंग... तो मान तिरकी करून ऐकायचा. त्याची बाही तिच्या हाताला निसटती लागायची, आणि टेबलावर परतल्यावर ती एकच ओळ तीनदा वाचायची.

एका सोमवारी तो खिडकीपाशी आलाच नाही. समोर आल्यावर खाली बघून निघून गेला. मंगळवारीही तेच. 'कंटाळला असेल,' तिने स्वतःला समजावलं.

बुधवारी मन रमवायला तिने आपलाच अहवाल पहिल्यापासून तपासायला घेतला... आणि एका पानावर ती थांबली. लाकडाची सगळी एकवीस बिलं दोनदा धरली गेली होती.

"समोरच्यांच्या लक्षात आलंय?" तिचे साहेब, मातेई, यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"मग गप्प बस. बाईंचं नुकसान, आपलीही बदनामी."

"खाली सही माझी आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी ती कोर्टात आपणहून उभी राहिली. लाकूड गेलं हे खरं, पण तिने सांगितलं होतं त्याच्या निम्मंच, चूक तिची. डोम्निकाबाईंनी मान खाली घातली. प्रश्न विचारायला उठलेला दिराचा वकील हातातल्या कागदाकडे बघत राहिला, मग बसला.

व्हरांड्यात होरिया आला. चेहरा उतरलेला.

"वकिलाचा पहिला प्रश्न तोच होता. सोमवारी मला ती बिलं सापडली."

"म्हणून तोंड चुकवत होतात?"

"माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. तू बघितलं असतंस तर..." तो अडखळला. "तुम्ही."

"तू चालेल."

"आधी सांगायला हवं होतं का गं?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"नियम मोडून सांगितलं असतंस तर आज तुझ्याशी बोलले नसते," ती हळूच म्हणाली. "आता निकालापर्यंत भेटायचं नाही."

"निकाल म्हणजे सप्टेंबर. फार मोठा उन्हाळा आहे हा."

खरंच मोठा होता. जुलैत मातेईसाहेबांनी तिला कामावरून काढलं. सप्टेंबरमध्ये निकाल लागला. डोम्निकाबाईंना थोडका, पण हक्काचा वाटा मिळाला. "माझं होतं तेवढं आलं," इलिंकाचा गाल कुरवाळत त्या म्हणाल्या. "आता झोप लागेल मला."

कोर्टाच्या पायऱ्यांवर होरिया उभा होता.

"उन्हाळाभर तुला सांगायच्या गोष्टी साठवल्यात," तो म्हणाला. "पहिली ही की... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"आणि बाकीच्या?"

"त्यांना वेळ लागेल. बरीच वर्षं, बहुतेक."

इलिंकाने त्याच्या हातात हात दिला.

"सांग की," ती म्हणाली. "मला कुठे कामावर जायचंय?"