मागच्या सीटवरचं वजन

ज्ञानेशची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मला तो दिसलाच नाही. त्याच्या गाडीचा हेडलाइट थेट माझ्या डोळ्यांत होता.

डिसेंबर, सकाळचे सहा, मखमलाबाद नाका. थंडी अशी की चहावाला स्वतःच पातेल्याला बिलगून उभा. माझ्या स्कूटरवर पुढे झेंडूची दोन पोती होती, आक्काबाईंची. आक्काबाई अंबड लिंक रोडला फुलं विकतात आणि त्यांच्या शेजारचं दुकान माझं. तेजस्विनी ऑटो इलेक्ट्रिकल्स. समोरून पांढराशुभ्र उजेड आला. क्षणभर वाटलं, गेले मी, वर पोचले, आणि इथे लोडशेडिंग नाही. मग स्कूटर कडेच्या मातीच्या ढिगात शिरली आणि एक पोतं फुटलं.

उजेडामागून आवाज आला, "लागलं का हो?"

"आधी तो लाइट बंद करा. मग बघून सांगते."

लाइट बंद झाला. कानांना मफलर बांधलेला एक उंच मुलगा खाली बसून झेंडू गोळा करू लागला. एकेक फूल उचलायचं, फिरवून बघायचं, मग डावीकडे नाहीतर उजवीकडे ठेवायचं.

"हे काय चाललंय?"

"चांगली आणि डाग पडलेली वेगळी करतोय. सवय आहे. अंबडला कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे मी."

"आणि बल्ब उलटा बसवलाय."

त्याने हेडलाइटकडे असं बघितलं, जसं शाळेतून तक्रार आल्यावर बाप मुलाकडे बघतो.

"हॅलोजन काढून एलईडी टाकला. घरीच... व्हिडिओ बघून."

"डिपरला उजेड रस्त्यावर पडायला हवा. तुमचा झाडांवर पडतोय. पेठ रोडचे सगळे पक्षी तासभर आधी उठत असतील."

"तरीच," तो म्हणाला. "रोज पेठहून येतो मी. समोरची प्रत्येक गाडी डिपर मारायची. मला वाटायचं, लोक ओळख दाखवतायत. मी हात करायचो."

मी हसले नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढचं सगळं टळलं असतं.

शिफ्ट सुटल्यावर चार वाजता तो दुकानात आला. बल्ब सरळ करणं दोन मिनिटांचं काम. पण त्याच्या जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट इंजिनवरून यायचा, त्यामुळे गाडी हळू झाली की दिवा लुकलुकायचा. ते वायरिंग बॅटरीवर घ्यावं लागणार होतं. दीड तासाचं काम.

"तीन दिवस लागतील," मी म्हणाले.

तिन्ही दिवस तो स्टुलावर बसून राहिला. आक्काबाईंचा चहा प्यायचा, घाटातल्या धुक्याबद्दल सांगायचा, आणि मी वायर सोलत असले की मध्येच माझ्या बोटांकडे बघत राहायचा.

"तुमच्या बोटांना ग्रीस लागलंय."

"हो. लागतं."

"शोभतंय..."

माझ्या ग्रीसला आजवर असं कोणी बोललं नव्हतं. मी चुकीची वायर कापली.

इथे आमच्या धंद्यातलं एक दुःख सांगायला हवं. हॅलोजन बल्ब चार-सहा महिन्यांत उडतो आणि माणूस परत येतो. एलईडी नीट बसवला की माणूस चार वर्षं तोंड दाखवत नाही.

"मी काय म्हणते," तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "हॅलोजनच ठेवला तर? पिवळा उजेड किती गोड दिसतो."

"घाटात काही दिसत नाही हो त्यात."

"सगळं दिसायलाच हवं असं थोडंच आहे?"

त्याने माझ्या पाटीकडे बोट केलं. 'एलईडी स्पेशालिस्ट' असं तिथे लाल अक्षरात होतं. मी हॅलोजन परत फळीवर ठेवला.

एक कनेक्टर जरा ढिला ठेवला असता तर आठवड्यात तो परत आला असता. पक्कड घेऊन मी पाच मिनिटं उभी होते. मग घाट डोळ्यांसमोर आला, काळोख आला, त्याचा मफलर आला... आणि मी तो कनेक्टर असा दाबला, वर प्लास्टिकची स्लीव्ह चढवून अशी आवळली, की गाडी भंगारात जाईल पण जोड सुटणार नाही. प्रेमात माझं काम इतकं चांगलं होतं, हे मला माहीत नव्हतं. धंद्याला परवडणारं नाही.

"काही अडचण आली तर येतो," तो निघताना म्हणाला. "येईल ना अडचण?"

"नाही," मी म्हणाले. खोटं बोलवेना.

अकरा दिवस तो आला नाही. मी रोज सहाला नाक्यावर झेंडू घेऊन उगाच उभी राहिले. पेठकडून शेकडो गाड्या गेल्या. एकीनेही डोळे दिपवले नाहीत. त्यातली त्याची कुठली, ते ओळखण्याची सोयच मी दुरुस्त करून टाकली होती.

बाराव्या दिवशी चार वाजता तो दारात. "लाइट लागत नाही."

मी हेडलाइट उघडला. "ही स्लीव्ह वायरसकट कापलेली आहे."

"उंदराने कुरतडली असेल."

"इतकी सरळ? पट्टी लावून?"

तो खाली बघू लागला. "आमच्याकडे वाकडं काही चालत नाही."

मी जोड दिला. हात जरा हळूच चालत होते.

"आणखी एक," तो म्हणाला. "मागे कोणी बसलं की उजेड वर जातो म्हणतात."

"जातो. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं. मागच्या माणसाला बसवूनच उजेड लावायचा असतो." मी हेडलाइटची काच पुसली. "कोण बसतं मागे?"

"अजून कोणी नाही."

"मग?"

"तयारी ठेवावी म्हटलं..."

मी स्क्रूड्रायव्हर शोधू लागले. तो माझ्या हातातच होता.

दिवसा हे काम करायचं तर शटर ओढून अंधार करावा लागतो. आणि लिंक रोडला बंद शटरमागे एक मुलगा, एक मुलगी म्हणजे चौकात सभा भरते. म्हणून आक्काबाईंना आत घेतलं. गाडी मागच्या भिंतीला लावली, तोंड शटरकडे, आणि शटरवर खडूने रेघ मारली.

"मी बसते मागं," आक्काबाई म्हणाल्या. "वजनाचं म्हनशील तर देवाची किरपा हाय."

त्या बसल्या. उजेड रेघ सोडून छतावर गेला आणि दहा वर्षांची कोळिष्टकं उजळली.

"ह्ये काय खरं नाय," त्या उतरल्या. "ज्याला बसायचंय त्यानंच बसावं. आन उजेड खाली-वर करायचा त्यो स्क्रू मला दाखव."

"आक्का, जमेल का?"

"पन्नास वर्सं सुईत दोरा ओवतीय. स्क्रू काय वाघ हाय?"

मी बसले. पुढे ज्ञानेश, मध्ये एक वीत अंतर.

"जवळ सरकावं लागतं का?" त्याने समोर बघत विचारलं.

"वजन मध्यावर हवं."

"नियम आहे?"

"आत्ताच केलाय."

"उजेड हलतोय," आक्काबाई ओरडल्या. "गाडी तर बंद हाय. कोन थरथरतंय?"

त्या स्क्रू फिरवत राहिल्या. यथावकाश उजेड रेघेवर टेकला.

"हे फक्त तुमच्याच वजनाला लावलंय?" ज्ञानेशने विचारलं.

"हो."

"दुसरं कोणी बसलं तर?"

"समोरच्याचे डोळे दिपतील."

"म्हणजे कायम तुम्हालाच बसावं लागेल."

"लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे," मी म्हणाले. "मी बसेन... कायम."

आरशात त्याचे कान दिसत होते. लाल. थंडीचे नव्हते.

त्याने हँडलच्या पिशवीतून नवं कोरं हेल्मेट काढून मागे दिलं. घातलं. अगदी बरोबर बसलं.

"माप कुठून मिळालं?"

"आक्काबाईंनी दिलं. तुम्ही दुपारी बाकावर झोपला होतात, तेव्हा हाराच्या दोऱ्याने घेतलं."

आक्काबाई एकाएकी स्क्रूकडे फार लक्ष देऊ लागल्या.

"चक्कर कुठवर?" मी विचारलं.

"पेठ. आईने नागलीच्या भाकरी टाकल्यात. तुमच्याही धरून."

"मला घरी सांगावं लागेल..."

"जा गं तू," आक्काबाई म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगते मी. म्हंजे, कालच सांगितलंय."

त्यांनी शटर वर लोटलं. बाहेर लखलखीत ऊन होतं. हेडलाइटची काडीचीही गरज नव्हती. ज्ञानेशने तो बंद केला नाही. मीही सांगितलं नाही.