शेफील्डची बैठक

शनिवारी लंडनमध्ये एजवेअरला जाऊन दसऱ्यासाठी नारळ आणि झेंडूची फुलं आणायचं ठरलं होतं. पण परीक्षितने घराजवळच्या, मिल्टन कीन्सच्या पहिल्याच राउंडअबाउटवरून गाडी उत्तरेला वळवली, तेव्हाच सुनेत्राने ओळखलं, की आज काही नारळ मिळत नाही.

"जरा शेफील्डला जाऊन येऊ. तासाभराचं काम आहे," तो म्हणाला. त्याचा तास केवढा असतो, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं.

ही २००५ सालची गोष्ट. परीक्षित आठवडाभर एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि सुटीच्या दिवशी गॅरेजमध्ये सुरे घडवायचा. साधेसुधे नव्हेत, बोवी सुरे. लांबरुंद पातं, टोकाशी पाठीकडून खोलगट कापलेलं. नाव एका अमेरिकन लढवय्याचं. पण जुन्या काळी त्यातले कितीतरी शेफील्डमध्ये घडले आणि बोटीने अमेरिकेला गेले. ही कहाणी तो जेवायला आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचा आणि ताटातली भाजी गार व्हायची.

त्याचं दुःख एकच होतं. शेफील्डला हॉवर्थ नावाचे एक म्हातारे गृहस्थ जुने सुरे पारखायचे. परीक्षितचा सुरा हातात घेऊन ते दर वेळी म्हणायचे, "ब्यूटिफुल. पण यात माणसाचा हात दिसत नाही." एवढं राबून आपला सुरा नकली ठरायचा, हे त्याला फार लागायचं.

म्हणून त्या दिवशी त्याने एका बंद पडलेल्या कारखान्यातून धार लावायचं दगडी चाक आणि त्यामागची लाकडी बैठक उचलून आणली. घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय टाकून हिच्यावर बसायचं आणि पुढे वाकून पातं फिरत्या दगडाला लावायचं. बसणाऱ्याच्या मांड्यांनी लाकडात खळगे पडले होते, डावा उजव्यापेक्षा खोल.

"कोण बसायचं रे हिच्यावर?" सुनेत्राने विचारलं.

"असेल कुणी ग्राइंडर, धार लावणारा. दगडाची धूळ छातीत जाऊन तरुणपणीच संपायचे बिचारे."

खंडेनवमीला परीक्षित ऑफिसला गेला. सुनेत्राने सुटी घेतली होती. तिने गॅरेज झाडलं, सुरे पाटावर मांडले, चाकाला हळदकुंकू लावलं. आज हत्यारांना आराम, उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. बैठकीलाही तिने हळदीची बोटं टेकवली. ते दोन खळगे बघून तिला आतून वाईट वाटलं. दमून आलेल्या माणसाला म्हणावं तसं ती सहज बोलून गेली, "या, बसा."

दुपारी ती स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. बाहेर आभाळ उतरलेलं. भिंतीपलीकडून बारीक आवाज यायला लागला. ओल्या दगडावर लोखंड घासल्याचा... थांबून थांबून. मग खोकला. जुना, खोल, छाती खरवडणारा.

"परीक्षित... लवकर आलास का?"

आवाज थांबला. गॅरेजचं दार उघडलं तर आत कुणी नव्हतं. थंड ओल्या दगडाचा आणि लोखंडाचा वास तेवढा भरून राहिला होता. चाक कोरडं असायला हवं होतं, त्यावरून पाणी ठिबकत होतं. बैठकीवरची हळद पुसली गेली होती आणि दोन्ही खळग्यांत पिवळा चिखल साचला होता. तिने घाईघाईने दार लावून घेतलं आणि परीक्षितला काहीच सांगितलं नाही. काय सांगणार?

त्यानंतर परीक्षितचा हात बदलला. त्या बैठकीवर बसताना तो डावीकडे कलायला लागला. नाताळाआधी त्याने केलेला सुरा हॉवर्थनी खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा तुम्ही केलेला नाही," ते हळूच म्हणाले. "हा शंभर वर्षांहून जुना आहे. कुठून आणलात?"

परीक्षित खूश होऊन हसला आणि हसता हसता खोकला. तो खोकला शेजारी उभ्या सुनेत्राने ओळखला.

छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी विचारलं, "दगडाच्या खाणीत किती वर्षं काम केलंत?" खाण परीक्षितने डोळ्यांनीही पाहिली नव्हती. बरं करण्यासारखं फार काही नाही, एवढंच ते सांगू शकले.

सुनेत्रा घरी आली ती थेट गॅरेजमध्ये. बोलावलंय तिने, तर पाठवणीही तिनेच करायला हवी होती. तिने बैठकीवर अक्षता टाकल्या, हात जोडले, रडत रडत उत्तरपूजेचे शब्द म्हटले. जिभेला लहानपणापासून वळण होतं, ती शेवटपर्यंत गेली... पुनरागमनाय च. पुन्हा येण्यासाठी. शब्द तोंडातून गेल्यावर तिने ओठांवर हात दाबला. दुसऱ्या दिवशी तिने चाक आणि बैठक कौन्सिलच्या टिपवर, कचऱ्याच्या डेपोत नेऊन टाकली. खोकला घरातच राहिला.

फेब्रुवारीत परीक्षितला वॉर्डमध्ये ठेवलं. पलंगावरून उठायचीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. एका दुपारी सुनेत्रा डबा घेऊन पोचली, तर नर्सने तिला दारातच थांबवलं.

"तुमचे दुसरे व्हिजिटर आत्ताच गेले. वयस्कर, खूप खोकत होते. मी म्हटलं, असं आजारी असताना येऊ नका, प्लीज. पण स्वीट मॅन. खुर्ची उलटी फिरवून, दोन्हीकडे पाय टाकून बसले होते, आणि पुढची जागा थोपटत तुमच्या हजबंडला सारखं काहीतरी म्हणत होते. तुमच्याच भाषेत असेल..." तिने आठवून, जमेल तसं म्हटलं, "या... बसा. म्हणजे काय?"

सुनेत्राने डबा तिथेच दारात ठेवला. ती पलंगाशी गेली. परीक्षित डोळे मिटून पडला होता, शांत, थोडा डावीकडे कललेला. गुडघे पांघरुणाखाली दोन बाजूंना वर आलेले. तिने पांघरूण हळूच बाजूला केलं.

त्याचे पाय घोट्यापर्यंत पिवळ्या चिखलाने माखले होते. चिखल अजून ओला होता.