रिकाम्या खोलीचं एक मिनिट

‘खरं-खोटं तुम्हीच ठरवा’ असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

हे खरं आहे. ज्यांच्यासमोर घडलं ते सगळे हयात आहेत, वेळेवर पगार घेतात, आणि विचारलं की विषय बदलतात. माणूस खोट्या गोष्टीला घाबरून विषय बदलत नाही. खोटी गोष्ट तो चवीने सांगतो.

वेळ रात्रीची नव्हती. परीक्षेचे दिवस, भर दुपार. भुताला रात्रच लागते असं ज्याने ठरवलं, त्याने बहुधा कधी तोंडी परीक्षा दिली नसावी.

जागा म्हणजे विद्यापीठाची कला इमारत. तळमजल्यावर शिक्षणशास्त्राची पदवी, मधल्या मजल्यावर माध्यमांची, सगळ्यात वर संगीताची. संगीतवाले आवाज करायचे, शिक्षणवाले जिन्यात ‘शांतता राखा’चे रंगीत तक्ते लावायचे, आणि माध्यमवाले दोघांचंही रेकॉर्डिंग करून त्यावर गुण मिळवायचे. एकूण संसार सुखाचा होता.

माझी आतेबहीण माध्यमांच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात तिला सगळे खमकी म्हणतात. हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही, पण ते बदलायची वेळ तिने कुणावर आणलेली नाही.

त्या वर्षी संगीताची पदवी बंद करायचं घाटत होतं. तिन्ही पदव्या ज्यांच्या हाताखाली, त्या विभागप्रमुखांचं कारण एकच. वरच्या मजल्यावरच्या सरावाच्या खोल्या म्हणे रिकाम्या पडून असतात. स्वतः ते त्या मजल्यावर शेवटचे कधी चढले होते, हे विचारायची सोय नव्हती.

खमकीने शेवटच्या प्रकल्पाला नेमका तोच विषय घेतला. रेडिओचा कार्यक्रम, निव्वळ माणसांच्या बोलण्यावर उभा. अट साधी होती. हा खरा कार्यक्रम आहे, नाटक नव्हे. वरून घातलेला एकही बनावट आवाज सापडला तर प्रकल्प रद्द.

आणि प्रकल्प रद्द म्हणजे पदवीही नाही.

आता माध्यमवाल्यांच्या कामातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

प्रत्येक खोलीला स्वतःची शांतता असते. कुठे पंख्याची घरघर, कुठे दिव्याची बारीक गुणगुण, कुठे लांबच्या रस्त्याची. मुलाखत कापून जोडली की वाक्यांच्या मध्ये भोकं पडतात. त्या भोकांना त्या खोलीच्या शांततेचं ठिगळ लावतात. म्हणून मुलाखत संपली की सगळ्यांनी जागच्या जागी स्तब्ध राहायचं आणि एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. त्या मिनिटाचा मालक एकच, ज्याच्या हातात माईक. तो ‘झालं’ म्हणेपर्यंत कुलगुरूंचं नाक खाजलं तरी त्यांनी सहन करायचं.

वरच्या मजल्यावरच्या अगदी टोकाच्या खोलीत खमकीने गाण्याच्या बाईंची मुलाखत घेतली. अर्धं आयुष्य याच मजल्यावर गेलेल्या बाई. मग शांततेचं मिनिट घेतलं. दोघीच होत्या. दार बंद होतं. पंखा तेवढा फिरत होता.

‘झालं’ म्हणून खमकी खाली आली.

आणि इथे तिने चूक केली. ती चूक याच धंद्यातली माणसं करतात. सगळा कार्यक्रम एकाच जागी घडल्यासारखा वाटावा म्हणून तिने त्या टोकाच्या खोलीची शांतता सगळ्याच मुलाखतींच्या खाली पसरली. विद्यार्थ्यांच्या, पालकांच्या, अगदी विभागप्रमुखांच्याही, जे आपल्या केबिनमध्ये बसून बोलले होते.

मग कानांवर हेडफोन चढवून ती ऐकायला बसली.

पहिलं वाक्य सुरू व्हायच्या आधी...

कुणीतरी श्वास घेतला.

तिला वाटलं, बोलणाऱ्याचाच असेल. दुसऱ्या वाक्याआधी पुन्हा तोच. तिसऱ्याच्या आधीही. पालक बोलोत, विद्यार्थी बोलोत, श्वास एकच.

प्रमुखांची पाळी आली. आधी तो श्वास... आणि मग प्रमुखांचा आवाज, ‘त्या खोल्यांमध्ये कुणीच नसतं.’

खमकी सांगते, तिला आधी हसू आलं. अंगावर काटा नंतर आला.

तिने मूळ मिनिट काढून ऐकलं. पंखा. लांबचा रस्ता. आणि मध्येच तो श्वास. स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तिने तो गाण्याच्या बाईंना ऐकवला. बाईंनी हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवले. म्हणाल्या, हा माझा नाही. मी नाकाने घेते, माझ्या गुरूंनी मारून मुटकून शिकवलंय. हा तोंडाने घेतलेला आहे, पार पोटापर्यंत. मोठी ओळ एका दमात गायची असली की असा घेतात.

“कोण घेतं, बाई?”

बाईंनी खिडकी लावून घेतली. खिडकी आधीच लागलेली होती.

अशा वेळी अफवांना तोटा नसतो. तळमजल्यावरच्यांच्या मते ती परीक्षेत ओळ विसरलेली मुलगी होती. संगीतवाल्यांच्या मते निवृत्तीनंतरही तास घ्यायला येणारे जुने सर. शिपाई म्हणाला, उंदीर. इतका खोल श्वास घेणारा उंदीर मीही पाहिलेला नाही, पण निदान तो माणूस आपल्या मताला चिकटून होता.

खमकी एकटीच पुन्हा वर गेली. पंखा बंद केला. चपला बाहेर काढल्या. माईक हातात धरला, आणि मिनिटभर श्वास रोखून उभी राहिली. पोहणारी पोर, तिला ते जमतं.

कानांना काहीच ऐकू आलं नाही.

खाली येऊन रेकॉर्डिंग लावलं...

होता. पहिल्यापेक्षा मोठा. मधोमध नाही, उजवीकडे. माईक तिने उजव्या खांद्याशी धरला होता.

तिने नकळत मान वळवून उजवीकडे पाहिलं. तिथे स्टुडिओची भिंत होती.

ध्वनी शिकवणारे सर भला माणूस. त्यांनी व्यवहाराचा सल्ला दिला. ते मिनिट फेकून दे, ग्रंथालयाची शांतता लाव, कुणाच्या बापाला कळणार नाही. घरी आत्यानेही तेच ऐकवलं, वर थोडं जास्तच. भुताखेतांशी वाद घालून कुणाला पदवी मिळालीय का आजवर? काढून टाक आणि पास हो बाई एकदाची.

खमकी जेवत होती. तिने घास संपवला.

“आई, त्यांनी म्हणायचं तिथे कुणी नसतं, आणि मी कुणीतरी आहे ते कापून टाकायचं. मग खोटा कार्यक्रम कुणाचा झाला?”

आत्याने वाढायचं थांबवलं. हा घरातला सर्वात मोठा निषेध असतो.

खमकीने केबिनमधल्या बोलण्याला केबिनची शांतता लावून स्वतःची चूक तेवढी दुरुस्त केली. टोकाच्या खोलीला मात्र टोकाच्या खोलीचीच शांतता ठेवली. श्वासासकट.

परीक्षेच्या दिवशी कार्यक्रम ऐकायला तिघे बसले. विभागप्रमुख, ध्वनीचे सर, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. या बाईंचं आयुष्य रेडिओत गेलेलं. डोळे मिटून ऐकायच्या, त्यामुळे त्या झोपल्यात असं वाटून लोक फसायचे.

श्वास आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

प्रमुखांनी कार्यक्रम थांबवला. हा आवाज वरून घातलेला आहे, हे उघड आहे, म्हणाले. पदवी बंद होतेय म्हणून रडारड करायची आणि वर भुताचा मसाला. प्रकल्प रद्द.

खमकी म्हणाली, घातलेला नाही.

मग कुणाचा आहे?

ते मला माहीत नाही, म्हणाली.

ध्वनीचे सर जमिनीकडे बघत राहिले. भल्या माणसांचं असंच असतं, ती ऐनवेळी जमीन तपासतात.

परीक्षक बाई तेवढ्या उठल्या. वाद कशाला, म्हणाल्या. खोली वर आहे, माईक इथे आहे. आमच्यासमोर मिनिट घे. आवाज आला नाही तर रद्द.

सगळे जिना चढले. वाटेत गाण्याच्या बाई भेटल्या, त्यांनाही बरोबर घेतलं. प्रमुखांना दोनदा थांबून दम घ्यावा लागला.

टोकाची खोली. एक पेटी, एक स्टँड, त्यावर स्वरलिपीचे कागद. बाहेर लख्ख ऊन.

प्रमुखांनी स्वतः दार लावलं, स्वतः पंखा बंद केला. प्रत्येकाने तोंड मिटून त्यावर हात ठेवायचा, नाकाने अगदी हळू श्वास घ्यायचा, असा हुकूम दिला. पाचही जण एकमेकांकडे बघत उभे राहिले. खमकीने ओठ आवळून माईक उचलला, दुसऱ्या हाताचा तळवा वर केला.

मिनिट सुरू झालं.

काही नाही.

रस्त्यावरून एक गाडी गेली. मग तीही नाही.

प्रमुखांच्या डोळ्यांत हसू दिसायला लागलं...

आणि पेटीच्या मागून कुणीतरी श्वास घेतला.

या वेळी हेडफोन लागले नाहीत. सगळ्यांनी ऐकला. चार हात चार तोंडांवर जास्तच घट्ट बसले. प्रत्येकाने बाकीच्या चौघांकडे पाहिलं, आणि प्रत्येकाला चौघांचे डोळे आपल्याकडेच बघताना दिसले.

प्रमुखांचा पाय दाराकडे सरकला.

खमकीने वर धरलेला तळवा सरळ त्यांच्या छातीपुढे आणला. मिनिट पुरं झालेलं नव्हतं.

ते थांबले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी असं थांबवलं नसावं.

पुन्हा श्वास. स्टँडजवळ.

पुन्हा... खमकीच्या उजव्या कानाशी. तिच्या कपाळावरची बट हलली. तिकडे, तिच्या कानाकडे ओढल्यासारखी.

गाण्याच्या बाई रडत होत्या, आवाज न करता. ध्वनीचे सर भिंतीला टेकले होते. खमकी सांगते, माईक हलला तर रेकॉर्डिंग बिघडेल एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

“झालं,” ती म्हणाली.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. प्रमुखांनी कडी गाठली.

पण खमकीने रेकॉर्डिंग बंद केलं नाही. ती उजवीकडे वळली. तिथे कुणी नव्हतं. मुलाखत देणाऱ्यासमोर धरतात तसा तिने माईक हवेत धरला, तोंडाच्या उंचीवर.

“ही खोली रिकामी असते, असं सरांचं म्हणणं आहे,” ती म्हणाली. “तुमचं काय म्हणणं आहे?”

क्षणभर काहीच नाही.

मग श्वास घ्यायला सुरुवात झाली.

आधीसारखा नाही. हा थांबेना. खोल, आणखी खोल, माणसाच्या छातीत मावणार नाही इतका. स्टँडवरचे कागद एकेक करून तिकडे झुकले. पेटीचा भाता आपोआप चेपला, पण सूर उमटला नाही. बंद पंख्याची पाती किंचित फिरली. परीक्षक बाई नंतर म्हणाल्या, माझ्याच छातीतली हवा कुणी मागतंय असं वाटलं.

माईक तसाच होता. खमकीने तो खाली घेतला नव्हता.

आणि श्वास थांबला.

पूर्ण थांबला. त्याबरोबर सगळंच थांबलं. रस्ता नाही, उन्हाने तापलेल्या पत्र्याची टकटक नाही. प्रमुख दाराची कडी खडखडवत होते, ती हलताना दिसत होती... आणि तिचा आवाज येत नव्हता. खमकीच्या रेकॉर्डिंगच्या यंत्राचा काटा शून्यावर पडला होता.

किती वेळ, ते पाचही जण वेगवेगळं सांगतात.

मग कडी एकदम खणखणली आणि दार उघडलं.

सगळे जिना उतरले. परीक्षक बाईंनी खाली पोचल्यावर एवढंच विचारलं, की या प्रकल्पाच्या खरेपणाबद्दल कुणाला आक्षेप आहे का. कुणाला नव्हता. प्रमुखांनी सही केली, ती त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी दिसत नाही. त्यांच्या अहवालात ‘रिकाम्या खोल्या’ होतं, तिथे ‘अपुऱ्या वापरातल्या खोल्या’ असं झालं. संगीताची पदवी तूर्तास चालू आहे. का, ते कुणी विचारत नाही. टोकाच्या खोलीला कुलूप मात्र कुणी लावत नाही. त्याचंही कारण कुणी देत नाही.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग खमकीकडे आहे. मी एकदा ऐकलंय. तिचा प्रश्न ऐकू येतो, मग तो लांबच लांब श्वास, मग काहीच नाही. पुढे कितीही ऐकलं तरी काहीच नाही.

आता ती स्वतः ध्वनी शिकवते, दुसऱ्या विद्यापीठात. मुलांना शांततेचं मिनिट घ्यायला लावते. मिनिट संपतं, तरी ती ‘झालं’ म्हणत नाही. मुलं ताटकळतात. आत्याने एकदा वैतागून विचारलं, की आता आणखी कशाची वाट बघतेस, पदवी मिळाली, नोकरी मिळाली.

“श्वास घेतलाय ना त्याने,” खमकी म्हणाली. “मी विचारलंय, तर उत्तर मलाच यायला हवं. सोडेल तेव्हा माईक माझा चालू असला पाहिजे.”

तिला भीती वाटत नाही असं नाही. पण ती माघार घेणाऱ्यांतली नाही.

माझं तसं नाही. तिच्या घरी जेवायला बसलो की मी अखंड बडबड करतो. लोकांना वाटतं, मला बोलायची हौस आहे.