शेवटच्या नंबरचं हेल्मेट

कट्टा धुवायला गेले आणि माझी चांगलीच फजिती झाली.

तेल कंपनीच्या डेपोसमोर माझं आणि आईचं चहाचं हॉटेल. टँकर भरायला आलेल्या ड्रायव्हरनं डेपोत घालायचं आपलं हेल्मेट आमच्या कट्ट्यावर ओळीनं ठेवायचं, तोच त्याचा नंबर... हा इथला कायदा. त्या सकाळी मी सगळी हेल्मेटं उचलली, कट्टा धुतला आणि परत ठेवताना पहिलं हेल्मेट ठेवलं शेवटी!

"माजा एक नंबर हुता की," एक उंचापुरा पोरगा म्हणाला. उजनीकाठचा अभिमन्यू, नवीनच लागलेला ड्रायव्हर.

मी जीभ चावली. "चुकलं बगा. थांबा, बदलते की."

"ऱ्हाऊ द्या. चहा झ्याक हाय तुमचा — मला घाई न्हाय." आणि असा हसला, की मी चहा कपाऐवजी बशीतच ओतला.

त्यानंतर हा रोज शेवटचा! पहाटे सगळ्यांच्या आधी यायचा, तरी दुपारी बारापर्यंत आपला कट्ट्यावरच. एकदा मी खिडकीतून पाहिलं, तर स्वारीनं स्वतःचं एक नंबरचं हेल्मेट हळूच उचललं आणि ओळीच्या शेवटी नेऊन ठेवलं. अगं बाई!

"काय ओ, नंबर कसा लागंना तुमचा?" मी मुद्दाम विचारलं.

"नशीबच मागं हाय माजं," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. कान मात्र लालबुंद!

पण ती ओळच आखडत चालली होती. मी लहान असताना इथं दीडशे टँकर लागायचे. कंपनीची कॉलनी, शाळा, शनिवारचा बाजार... उजाड माळावर अख्खं गाव उभं राहिलं होतं. मग पाइपलाइन लांबच्या नव्या डेपोला गेली. क्वार्टर्स रिकामी झाली, बाजार मोडला, शाळेला कुलूप लागलं. शेवटी गेटवर नोटीस आली: एकतीस मार्चला डेपो बंद. अभिमन्यूची ड्युटी नव्या डेपोला लागली. आता हा बोलला नाही तर संपलंच सगळं, एवढंच मला कळत होतं.

शेवटच्या दिवशी कट्ट्यावर एकच हेल्मेट होतं. मागं सरकायला ओळच नव्हती.

"शिवलीला... एक बोलायचं हुतं —"

"ए, चल लवकर! गेटला कुलूप लावायचंय," वॉचमन ईरप्पा ओरडले. आणि तो गेला! टँकर भरला, बाहेर पडला, वळसंगच्या रस्त्याला लागला. मी किटली धरून उभीच.

दोन मिनिटं. फार तर तीन. मग मी स्कूटी काढली.

डोळ्यांत धूळ, ओढणी वाऱ्यावर! वळसंगच्या अलीकडं टँकर गाठला, हॉर्न दाबत पुढं गेले आणि हात केला. त्यानं टँकर कडेला घेतला.

"काय राह्यलं का माजं?" खाली उडी मारत त्यानं विचारलं.

"व्हय. बोलायचं राह्यलंय."

तो एका दमात म्हणाला, "तू मला लई आवडतीस. लगीन करशील माज्याशी? नव्या गेटसमोर हॉटेलाला जागा बी बघून ठेवलीय."

"हे बोलायला चौदा महिने लागले व्हय?"

"आदी व्हय म्हण की!"

"व्हय!" मी अक्षरशः ओरडले. तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा उतरला.

"पर... तुज्या आईला कोण सांगणार?"

"तिला काय सांगायचं? मी तर नुसती उभी हुते. किल्ली तिनंच माज्या हातात कोंबली. म्हणाली, पळ की गं, टँकर लांब गेला!"