दहा वाजताचा फोन

"सोनूबाई, पाच वाजता पोलीस येणार. मी चोर नाही हो!" माधुरी रडतच दारात आली.

सोनूबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. पण घाटकोपरात कुणाचं काही हरवलं, की लोक त्यांचंच दार वाजवत.

"रडणं नंतर. काय गेलं ते सांग."

माधुरी मुलुंडला श्यामकांतांकडे कामाला होती. त्यांच्या दिवंगत पत्नीच्या पाटल्या गेल्या होत्या. सकाळी दहाला माधुरी श्यामकांतांना व्यायामाला सोडून बाजारात गेली. बाराला दोघं परतले, तर कपाट रिकामं. दाराचं कुलूप मात्र शाबूत. दुपारी घरी आलेल्या त्यांच्या मुलाने पोलिसांना माधुरीचंच नाव दिलं होतं.

"अगं, किल्ली हिच्याकडे, म्हणजे..." सोनूबाईंचा नवरा भीमराज पुटपुटला.

"अहो, रिक्षा बोलवा. तेवढं जमेल."

मुलुंडला पोचताच सोनूबाईंनी विचारलं, "किल्ल्या किती?"

"तीन," श्यामकांत म्हणाले. "माझी, माधुरीची आणि मुलाची. ओजस आजच लंडनहून आला, दुपारी दोनला."

"पाटल्यांचं काय करणार होता?"

"वर्षश्राद्धाला माधुरीला देणार होतो. चार वर्षं बायकोच्या आजारपणात तीच उशाशी होती. हे फक्त ओजसला सांगितलं होतं."

माधुरीने चमकून वर पाहिलं.

ओजस हसला. "मावशी, माझं विमान तिथल्या रात्री दहाचं. सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास. लंडन साडेपाच तास मागे. म्हणजे इथे साडेबाराला उतरलो. चोरी झाली तेव्हा मी आकाशात होतो. समजलं?"

"अडाणी आहे रे मी. विमानात बसल्यावर घरी फोन केलास?"

"करतोच तो," श्यामकांत म्हणाले. "त्याच्या आईचा नियम. फोन आल्याशिवाय ती पाठ टेकत नसे. काल मी रात्रीची गोळी घेत होतो, तेव्हा आला. म्हणाला, बसलो, दारं लावली."

सोनूबाईंनी श्यामकांतांचा मोबाईल भीमराजपुढे धरला. "वाचा."

"काल रात्री दहा वाजून चार मिनिटं. बघ, तोही दहा म्हणतो, मोबाईलही दहाच म्हणतो. जुळलं!"

"कसलं जुळलं? लंडनला दहा, तेव्हा मुलुंडला पहाटेचे साडेतीन. फोन आला मुलुंडच्या दहाला, तेव्हा तिथे दुपारचे साडेचार. दारं तेव्हाच लागली होती. आता नऊ तास मिळवा."

भीमराजने बोटं मोजली. "सकाळी सात!"

"सातला मुंबईत, दोनला घरी. मधल्या वेळात किल्ली आणि कपाट. माधुरीला तर पाटल्या मिळणार हे ठाऊकच नव्हतं. मिळू नयेत असं कुणाला वाटत होतं, ओजस? खोटं रचून आलास, पण आईची सवय मोडवली नाही तुला. तिनेच पकडलं."

ओजसने बॅगेतून पाटल्या काढल्या. "आईच्या होत्या. परक्या बाईला का द्यायच्या?"

श्यामकांतांनी त्या घेऊन माधुरीपुढे धरल्या. तिने हात मागे घेतला.

"आधी पोलिसांना फोन. माझं नाव ओजसदादांनी दिलंय, त्यांनीच पुसावं."

ओजसने नंबर लावला, हळूच काही बोलू लागला.

"मोठ्याने," सोनूबाई म्हणाल्या. "शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे. चोर म्हणताना आवाज बरा होता तुझा."

फोन ठेवल्यावरच माधुरीने मनगट पुढे केलं.