दिवसा दार लावणारे झाड

मंगळावरच्या वस्तीत, काचेच्या घुमटाखालच्या बागेत एक कोडे पडले होते. कोपऱ्यातल्या सेडमच्या (जाड पानांच्या, जमिनीलगत पसरणाऱ्या झाडाच्या) रोपांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, तरी ती टवटवीत होती. इरावतीने मात्र ज्या ट्रेला जिवापाड जपले, त्यातली सेडमचीच रोपे पिवळी पडून मऊ झाली होती.

झारी नावाचा माळीकाम करणारा यंत्रमानव खताचा डबा घेऊन आला. "इराबाई, ट्रे द्या. यांचा निकाल लागला, आता खतात टाकतो."

"हात लावशील तर बघ!" इरावती ट्रेला बिलगली. नव्या वस्तीवर अजून पाण्याची नळी पोचली नव्हती. तिथे महिनाअखेरीस सेडम जायचे होते, आणि तिला आपलाच ट्रे पाठवायचा होता. "आबा, मी माझ्या वाटणीच्या पाण्यातून रोज आधी यांना देते. आजी गाईसाठी घास काढायची ना? इथे गाय कुठली!"

वनस्पतिशास्त्रज्ञ आबा हसले. "अगं, म्हणून गाईचा घास झाडाच्या माथी? पोट भरलेल्याला वाढतच गेलीस तू. मुळांनाही श्वास लागतो. चिखलात ती गुदमरली आणि कुजली."

त्यांनी कोपऱ्यातले एक जाडसर पान तिच्या हातावर ठेवले. "हा पाण्याचा रांजण समज."

"पण उन्हात पाणी उडून जात नाही?"

"शाब्बास! खरी गंमत तिथेच आहे. पानांवर पर्णरंध्रे (डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे) असतात. झाडे त्यांतून कार्बन डायऑक्साइड (अन्न बनवायला लागणारा वायू) आत घेतात. बहुतेक झाडे ही दारे दिवसा उघडतात, म्हणून त्यांचे पाणी वाफ होऊन निसटते. सेडम मोठे शहाणे! पाणी कमी पडले की ते दिवसा दारे लावून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. तेव्हा घेतलेला वायू आम्लाच्या (आंबट पदार्थाच्या) रूपात साठवते आणि दिवसा उजेडात त्याचे अन्न बनवते."

झारीने तपासणीची नळी पानाला टोचली. "खरंच की! सकाळी हे चांगलं आंबट होतं. आता सपक लागतंय. चिमूटभर मीठ घालू?"

इरावतीला हसू फुटले. एवढेसे रोप, पण काय त्याची अक्कल!

आबांनी तिच्या ट्रेमधले धडधाकट शेंडे कापले, त्यांची कापलेली टोके सुकू दिली आणि ते वाळूमिश्रित मातीत खोचले. "आता तुझं काम अवघड. माती पार सुकेपर्यंत पाणी घालायचं नाही."

खरोखरच अवघड होते. ती कितीदा तरी पेला घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. अखेर एके दिवशी तिने एक शेंडा हलकेच ओढून पाहिला. तो जागचा हलला नाही. त्याने मुळे धरली होती!

महिनाअखेरीस गाडीत ट्रे चढवताना झारी म्हणाला, "तिकडची मुलं कौतुकानं पहिल्याच दिवशी तांब्याभर पाणी ओततील."

"मग मलाच जायला हवं सांगायला!" असे म्हणत इरावती ट्रेशेजारी चढून बसली. समोर लाल माळ पसरला होता, आणि त्यापलीकडच्या नव्या घुमटाखाली हिरवा गालिचा कुठून सुरू करायचा, हे ती आत्ताच ठरवू लागली होती.