चौथा रकाना

मी म्हटलं, "घेईल." गोटीरामभाऊ म्हणाले, "आडवा पडंल." आणि पैज लागली.

काय घेईल, कोण आडवा पडेल, ते सांगते. मखमलाबाद नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, पासपोर्ट फोटोही काढते. शेजारी गोटीरामभाऊंचं हार-फुलांचं दुकान. आमच्या दोघांच्या मधून एक जिना, वर डॉक्टर यादवांचा दवाखाना. आणि पैज ज्याच्यावर लागली तो समर्थ, भाऊंचा पुतण्या. घरचा गुलाबाचा मळा, शेतकीची डिग्री, आणि महिन्याभरात केनियाला निघालेला. तिथल्या गुलाबाच्या फार्मवर नोकरी, दोन वर्षांचा करार.

रंगपंचमीचा दुसरा दिवस होता. भाऊंच्या कानामागं अजून केशरी रंग. समर्थ व्हिसाचे कागद झेरॉक्स करायला आला आणि त्याच वेळी जिन्यावरून हर्षाली उतरली. दवाखान्यातली नवी सिस्टर, घोटीची पोरगी. तिला लशींचा तक्ता झेरॉक्स करून हवा होता. मशीन एक, घाई दोघांना. मी मुद्दाम दोघांचे कागद एकत्र ठेवले. आता तुम्ही म्हणाल, का? अहो, दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं.

तिच्या हातात त्याचा व्हिसा गेला, त्याच्या हातात तिचा तक्ता.

तिनं व्हिसा वाचला, त्याच्याकडं बघितलं, परत वाचला. "केनिया? हिपॅटायटिसची घेतली?"

"यलो फीव्हरची घेतली, मुंबईला जाऊन. सक्तीची तेवढीच आहे."

"मी सक्तीचं विचारलं नाही."

समर्थ आपले कागद गोळा करायला लागला. तेवढ्यात भाऊंनी शेजारून हार ओवता ओवता सांगून टाकलं, की मुंबईला सुई टोचल्यावर गडी आडवा पडला व्हता, दोघांनी उचलून बाकावर ठेवला. समर्थचे कान असे लाल झाले, की भाऊंच्या कानांपेक्षा ते रंगलेले वाटले.

हर्षाली हसली नाही. मला ते आवडलं. तिनं सरळ समजावलं. एक ए, ती पाण्यातून, खाण्यातून येते. एक बी, ती रक्तातून. बीचा डोस आज, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या दिवशी. हे घाईत निघालेल्यांसाठी. विमान कधी? सत्तावीस दिवसांनी. "म्हणजे ठरवायला तुमच्याकडे सहा दिवस आहेत," ती म्हणाली आणि आपला तक्ता त्याच्या हातातून काढून घेऊन वर गेली. जिन्याच्या वळणावर एकदा मागं बघितलं. एकदाच. मी मोजलं ना.

भाऊंचं म्हणणं, कावीळच ना? माळ घातली की उतरती. डोक्यावर घालायची, ती वाढत वाढत पायाशी येती, तशी कावीळ खाली उतरती. त्यांच्या आत्याची उतरली होती. मी म्हटलं, भाऊ, आत्याबाई माळ असतानाच महिनाभर दवाखान्यातही होत्या, ते विसरलात. ते म्हणाले, ते सोडा वहिनी, हा पोरगा सुई घेणारच नाय, घेतलीच तर आडवा पडंल.

झालं. मी म्हटलं, सगळा कोर्स घेईल, एकदाही आडवा न पडता. हरेल त्यानं पुढच्या रंगपंचमीला रहाडीत उडी मारायची, तीही लग्नातल्या कपड्यात. रहाड म्हणजे आमच्या नाशकातला जमिनीखालचा दगडी हौद. वर्षभर बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडतात, फुलं उकळून केलेला रंग भरतात आणि माणसं त्यात धपाधप उड्या मारतात. भाऊंचा लग्नातला सफारी त्यांच्या पोटावर बसत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

पण समर्थ काही ठरवेना. पहिल्या दिवशी नुसता जिन्याकडं बघत बसला. दुसऱ्या दिवशी चार पायऱ्या चढला आणि खाली आला, म्हणाला, मोबाईल विसरलो. मोबाईल हातातच होता. तिसऱ्या दिवशी घरी सरूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, म्हटलं की कंपनी सांगत नाही तर कशाला टोचून घ्यायचं. चौथ्या दिवशी तो दुकानासमोर स्कूटर लावायचा, काढायचा, परत लावायचा. एका जागी बसवेना त्याला. आणि वर खिडकीतला पडदा... तोही एका जागी राहिना.

मी विचारलं, "सुईची भीती वाटते की सिस्टरची?"

"काकू, तिच्यासमोर पडलो तर?"

असं होतं ते.

पाचव्या दिवशी भाऊंच्या दुकानात गुलाबाचे काटे काढताना त्याचा अंगठा कापला. चांगलाच. वर जाण्यावाचून इलाज नव्हता. मी माणुसकी म्हणून मागोमाग गेले. हर्षालीनं पट्टी बांधता बांधता विचारलं, तिकडं फार्मवर कातर प्रत्येकाला वेगळी देतात का? समर्थ म्हणाला, नाही, एका रांगेत सहा-सात जण, एकच कातर फिरते. तिनं नुसता रक्तानं भिजलेला कापूस त्याच्यासमोर धरला, क्षणभर, आणि डब्यात टाकला.

त्यानं त्या डब्यात वाकून बघितलं. मग म्हणाला, "उद्या येतो. कार्डाला काही लागतं का?"

तिनं उत्तर द्यायच्या आधी मीच बोलले, "फोटो लागतो. पासपोर्ट साइज."

लागत नाही. कुठल्याही लशीच्या कार्डाला फोटो लागत नाही. पण मला फोटो काढायची हौस आणि त्याला तिच्यासाठी केस विंचरताना बघायची हौस. वाटलं, सिस्टर हसेल, फोटो परत करेल, तेवढीच गंमत. दुसऱ्या दिवशी हा फोटो घेऊन गेला. तिनं फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं... आणि गोंद काढला. दवाखान्यात राहणाऱ्या कार्डावर, वरच्या कोपऱ्यात, सरळ चिकटवला.

त्या दिवशी दोन सुया होत्या, एक एची, एक बीची. भाऊ आणि मी पंच म्हणून दारात उभे. समर्थच्या कपाळावर घाम.

"गुलाबांची नावं सांगा," हर्षाली म्हणाली.

"काय?"

"तुमच्याकडच्या जातींची. मला माहिती नाहीत."

"ताजमहल... गोल्ड स्ट्राइक... टॉप सीक्रेट..."

"झालं. आता दुसरा दंड."

भाऊंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. गडी उभा. सातव्या दिवशी परत तेच, एकविसाव्या दिवशी परत तेच. तोपर्यंत तो दंड पुढं करायच्या आधीच नावं सांगायला लागायचा, आणि ती मुद्दाम सुई भरायला वेळ लावायची. दोन मिनिटांचं काम, वीस मिनिटं चालायचं. बाहेर सर्दी-पडशाची माणसं खोळंबलेली.

तिसरा डोस झाला तसा मी भाऊंना म्हटलं, सफारी उसवायला टाका.

"कोर्स संपला नाही काकू," हर्षाली म्हणाली. तिनं कार्ड दाखवलं. चार रकाने होते. तीन भरलेले. "घाईच्या कोर्सला चौथा लागतो. वर्षानं. एचा दुसराही तेव्हाच."

"मग येईन ना," समर्थ म्हणाला. "वर्षानं रजा आहे."

"सगळे असंच म्हणतात." तिनं ड्रॉवर उघडून कार्डांचा गठ्ठा दाखवला. दुबई, जर्मनी, ओमान. सगळ्यांचा चौथा रकाना कोरा. "तिकडंच घेतात कुठंतरी. नाहीतर घेतच नाहीत. इथं कोणी येत नाही."

हे ती लशीबद्दल बोलत होती. मी काही एवढी भोळी नाही.

त्याला बोलायचं होतं, दिसत होतं. दंडावरचा कापूस दाबून उभा राहिला, तीनदा "बरं मग" म्हणाला, आणि पायऱ्या उतरून गेला. दुसऱ्याच दिवशी विमानात बसला.

मग ते वर्ष. अहो, मला पैजेची काळजी, त्या पोरीला वेगळीच. तो तिकडून गुलाबांचे फोटो पाठवायचा, ती उत्तरात नुसती चौथ्या डोसची तारीख पाठवायची: अठरा मार्च. पावसाळ्यात एकदा खाली आली आणि म्हणाली, काकू, एका कार्डाचं झेरॉक्स हवंय, जुनं फाटायला आलंय. कार्ड कोरं करकरीत होतं. मी काढून दिलं. ती फोटोकडं बघत राहिली, म्हणाली, काळा येतोय... रंगीत काढा.

काढलं. पैसे घेतले नाहीत.

अठरा मार्च आली आणि गेली. समर्थ नाही. सरूबाई म्हणाल्या, तिकडं कसलीशी मोठी ऑर्डर आहे, रजा पुढं ढकलली. वीस गेली, बावीस गेली. हर्षाली दिवसातून चार वेळा खाली यायची. कधी सुट्टे मागायला, कधी घड्याळ बरोबर आहे का विचारायला. मी सांगितलं, उशीर झाला तरी चालतो ना गं डोसला? ती म्हणाली, चालतो, चुकवायचा नाही एवढंच. आणि तशीच उभी राहिली, सुट्टे न घेता. भाऊसुद्धा एकदा मला हळूच म्हणाले, वहिनी, हरलो तरी चालंल, पण पोरगा येवो.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी दुकानासमोर रिक्षा थांबली. समर्थ उतरला. काळा पडलेला, बॅग खांद्यावर, घरीसुद्धा न जाता आलेला. मला "काकू" म्हणाला आणि जिना चढायला लागला. एका दमात. भाऊंनी हातातला हार टाकला, मी मशीन चालूच सोडलं, आणि आम्ही दोघं त्याच्या मागं.

हर्षाली पाठमोरी होती. वळली.

"तिकडं मिळत नाही का लस?" तिनं विचारलं.

"मिळते. फार्मच्या समोरच मिळते." तो शर्टाची बाही वर करायला लागला. "म्हणून तर भीती वाटत होती, कोणीतरी बळंच टोचेल."

तिनं खाली बघत सुई भरली. एचा डोस आधी उरकला. मग दुसरा दंड. "नावं सांगा."

"ताजमहल. गोल्ड स्ट्राइक. टॉप सीक्रेट." तो थांबला. "हर्षाली."

सुई हवेतच राहिली. "हा कुठला गुलाब?"

"शोधला मी. वर्षभर. तिकडं दोनशे जाती आहेत. ही नाही."

तिनं सुई टोचली, हलकेच, कापूस लावला, कार्ड ओढलं आणि चौथ्या रकान्यात तारीख घातली. अक्षर वाकडं आलं. मग पेन ठेवून ती म्हणाली, "या कार्डाला फोटो लागत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मग लावला का?"

"बघायला."

आणि गडी आडवा पडला. सरळ, झाडासारखा. टेबलावरचा ट्रे घेऊन.

हर्षाली खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पाय उंच करा म्हणाली, भाऊंनी पाय धरले. अर्ध्या मिनिटात त्यानं डोळे उघडले, वर तिचा चेहरा बघितला आणि परत मिटले. दुसऱ्यांदा मात्र तो नाटक करत होता. मला नाटक कळतं.

"पडला," भाऊ म्हणाले, पाय तसेच धरून.

मी म्हटलं, सुईनं नाही पडला, तिच्या बोलण्यानं पडला. डोस झाला होता, तारीख घातली होती. भाऊ म्हणाले, ठरलं व्हतं एकदाही आडवा न पडता. कशानं, ते ठरलं नव्हतं. यादव डॉक्टर बाहेर आले, सगळं ऐकलं आणि निकाल भाऊंच्या बाजूनं दिला. आणि मी हरले कशामुळं? माझ्याच फोटोमुळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लग्नातला शालू नेसून दुकान उघडलं, तर हर्षाली दारात. पासपोर्ट साइज आठ फोटो हवे होते.

"कुठं जायचंय?"

"सध्या पासपोर्टच्या ऑफिसात अर्ज द्यायला," ती म्हणाली. "मग बघू." आणि केस विंचरायला माझा आरसा घेतला.

दुपारी रहाडीवर ही गर्दी. मंडळानं पाच मिनिटं बायकांसाठी जागा मोकळी करून दिली. आमच्या नाक्यावरचे सगळे आलेले. सरूबाई मोबाईल धरून, समर्थ अजून जरा पांढराफटक, हर्षालीनं एका हातात माझ्या चपला धरलेल्या आणि दुसऱ्या हातात... जाऊ दे, सरूबाई पण तिकडंच बघत होत्या. भाऊ अगदी काठावर, पांढरेशुभ्र कपडे घालून, हात मागं बांधून, मला हरलेली बघायला.

मी पदर खोचला. पैज हरले, मान्य. उडी मारायची, तेही मान्य. पण एकटीनं मारायची असं कुठं ठरलं होतं?

मी भाऊंचा हात धरला आणि उडी मारली.